रिकाम्या भट्टीचा धूर

कुठल्या देशानं किती धूर सोडायचा यावर बैठका होतात, त्याच्या बातम्या हल्ली वर्तमानपत्रात येतात. माझा भाचा सांगतो, की पुढेमागे आपल्याकडेही राज्याराज्यांत, जिल्ह्याजिल्ह्यांत धुराची वाटणी होईल. अगदी नवीन काही सांगितल्याच्या थाटात सांगतो. मी ऐकून घेते. नव्वदच्या दशकात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी जवळपास हेच काम करत होते. आम्ही त्याला धूर म्हणत नव्हतो, कोळसा म्हणत होतो, एवढाच फरक. ज्याला जेवढा कोळसा मिळे तेवढाच त्याच्या धुराड्यातून धूर निघे.

काम काय होतं ते आधी सांगते. त्या काळी लहान कारखानदाराला दगडी कोळसा हवा तेवढा मिळत नसे. तो कोट्यानं यायचा. राज्याच्या वाट्याचा कोळसा विभागांना, विभागांचा जिल्ह्यांना, असा खाली खाली उतरत यायचा. सातारा आणि सांगलीचा मिळून एक आकडा सांगलीच्या आमच्या कार्यालयात येई. तो फोडून कुपवाडच्या कारखान्यांना किती, फलटणच्या वीटभट्ट्यांना किती, लोणंदच्या चुनाभट्ट्यांना किती, हा तक्ता करायचं काम माझ्या टेबलाकडे होतं. सही साहेबांची असे, पण शिव्या टेबलाला बसत.

माझं माहेर लोणंदचं. वडील रेल्वेत गँगमन होते. आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात पोरीबाळींनी शिकायचं हे ठरूनच गेलेलं. त्यामुळे मी शिकले आणि उद्योग निरीक्षक झाले. कुपवाडच्या वसाहतीत पहिल्यांदा गेले तेव्हा कारखान्याचे मालक माझ्या पाठीमागे बघत, निरीक्षक कुठं राहिले म्हणून. मीच निरीक्षक हे कळल्यावर आधी खुर्ची पुसली जाई, मग चहा येई, आणि भट्टीकडे नको, तिकडे फार झळ लागते, असं सांगितलं जाई. मी भट्टीकडेच जात असे. माझ्या साड्यांच्या काठांना त्या वर्षांत लागलेले डाग पुढे कधी निघाले नाहीत.

वाटपाचा नियम एका ओळीत मावणारा होता. गेल्या वर्षी ज्यानं जेवढा कोळसा जाळला, त्याच्या हिशेबानं यंदाचा कोटा. पुरवठा कमी आला तर सगळ्यांना त्याच प्रमाणात कमी. नियम सोपा होता, भांडण होत नसे, आणि आमचे परांजपेसाहेब सोप्या नियमाच्या प्रेमात होते. माणूस सरळ. फाईलवर दुपारनंतर सही करत नसत, कारण जेवणानंतर डोकं नीट चालत नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मलाही तो नियम बरीच वर्षं बरोबर वाटत होता.

तो चुकीचा आहे हे मला बसगोंडा मगदूम यांच्यामुळे कळलं.

मगदूमअण्णा फौजेतून निवृत्त झालेले. तिथं वर्कशॉपला होते. कुपवाडला त्यांनी लहानसा फोर्जिंगचा कारखाना टाकला होता. भट्टीत लोखंड लालभडक तापवायचं आणि विजेच्या हॅमरखाली ठोकून त्याला आकार द्यायचा. ट्रॉलीचे हूक, कुळवाच्या फासा, असला माल. सात-आठ माणसं कामाला. अण्णा भल्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन भट्टी पेटवत आणि पेटवण्याआधी फौजेतल्यासारखी सगळी हत्यारं ओळीनं मांडून ठेवत.

एका वर्षी त्यांनी मला मुद्दाम बोलावून भट्टी दाखवली. धुराड्यातून जो गरम धूर वाया जातो त्यात त्यांनी जुन्या पाइपांचं जाळं बसवलं होतं. भट्टीला लागणारी हवा त्या पाइपांतून फिरून, तापून आत जाई. भट्टीच्या तोंडाला विटांचं आणि खापरीचं जाड दार केलं होतं. तेवढंच काम हात-सव्वा हात कमी कोळशात होऊ लागलं होतं. म्हणजे जिथे ढीग त्यांच्या छातीएवढा लागायचा तिथे आता कमरेएवढा.

"म्याडम, धुराला हात लावून बघा," ते म्हणाले. "पयले हात जळायचा. आता कोमट हाय."

मी खरंच वर चढून धुराड्यावर हात ठेवून पाहिला. मला इतका आनंद झाला की त्यांच्या त्या वर्षीच्या अर्जात कोळशाचा कमी झालेला आकडा मी माझ्या हातानं, ठळक अक्षरात लिहिला.

आणि पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे त्यांचा कोटा कमी झाला. कमी जाळला, म्हणून कमी मिळाला. त्यात त्या साली एकूण पुरवठा घटला, तेव्हा त्या कमी कोट्याला पुन्हा सगळ्यांबरोबर कात्री लागली. शेजारचा कारखाना, जिथे भट्टीचं दार तुटलेलं होतं आणि उन्हाळ्यात आत उभं राहवत नसे, त्याला अण्णांच्या दुपटीहून जास्त कोळसा मिळाला. अण्णांना एक मोठी ऑर्डर परत करावी लागली आणि दोन माणसं कमी करावी लागली. ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले नाहीत. मीच तक्ता केला होता आणि मलाच ते उशिरा उमगलं.

दुसऱ्या वर्षी, अर्ज भरायचे दिवस जवळ आले होते तेव्हाची गोष्ट. कुपवाडला आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे. त्या दिवशी वसाहतीत शुकशुकाट. एरवी सकाळी दुचाक्यांची रांग लागते त्या रस्त्यावर कुत्री झोपलेली असत. मी एका बंद पडलेल्या कारखान्याची पाहणी करायला नेमकी त्या दिवशी गेले होते. परत येताना पाहिलं तर मगदूमअण्णांच्या धुराड्यातून धूर निघत होता.

वीज नाही म्हणजे हॅमर बंद. हॅमर बंद असताना लोखंड तापवून करायचं काय? मी आत गेले. अण्णा एकटेच होते. भट्टी पेटलेली होती, दार सताड उघडं होतं आणि आत लोखंडाचा एक तुकडा नव्हता. ते फावड्यानं कोळसा आत टाकत होते.

मला बघून ते थांबले. फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाले, "बघितलं न्हवं? आता लिवा."

मी विचारलं, का?

"पुढच्या सालासाठी जाळतोय. आकडा भरला न्हाई तर अजून कापशीला तुमी." मला ते कधी एकेरी बोलत नसत, आणि त्या एका शब्दात अर्धवट बोलून गेले, ते त्यांच्याही लक्षात आलं. आवाज खाली आणून म्हणाले, "फौजेत एक नट हरवला तरी जबाब द्यायला लागायचा. आनि आज मी रिकामी भट्टी पेटवलीया. घरात सांगितलं न्हाई."

मी तिथल्या स्टुलावर बसले. अण्णा भट्टीचं दार लावायला गेले, ते लावून झाल्यावरही तिथंच पाठमोरे उभे राहिले. त्या माणसाला लाज मी आणली होती. माझ्या ठळक अक्षरानं आणली होती.

कोट्याचा कोळसा वाया घालवणं हा गुन्हा होता. अहवाल लिहिला असता तर त्यांचा कोटा रद्द. नाही लिहिला तर मी नोकरीशी खोटं वागले. रात्रभर विचार केला वगैरे म्हणणार नाही, मला झोप लागली. पण सकाळी उठल्यावर मी ठरवलं की जे पाहिलं ते सगळं लिहायचं, आणि ते का घडलं तेही त्याच कागदावर लिहायचं. अहवाल एका पानाचा असे, माझा सहा पानांचा झाला. शेवटी मी लिहिलं, की गेल्या वर्षी किती जाळला हे विचारण्याऐवजी तेवढ्या कोळशात काय निघालं हे विचारावं. लोखंड किती तापलं, विटा किती भाजल्या, त्यावर वाटप करावं.

परांजपेसाहेबांनी तो सकाळीच वाचला. चष्मा काढून म्हणाले, "बाई, हे अर्धं तुमच्या मगदूमांविरुद्ध आहे आणि अर्धं माझ्याविरुद्ध."

मी म्हटलं, "थोडं माझ्याविरुद्धही आहे, साहेब. चौथ्या पानावर."

त्यांनी चौथं पान पुन्हा वाचलं. मग कोट्याची सालाबादची बैठक व्हायची होती तिच्यात हा विषय घेऊ, असं म्हणाले. तोपर्यंत मगदूमांवर कारवाई थांबवली, रद्द केली नाही.

बैठक आमच्याच कार्यालयात झाली. दोन्ही जिल्ह्यांतून माणसं आली होती. कुपवाडचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे लोखंडी सळया काढणाऱ्या एका रोलिंग मिलचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही इतकी वर्षं कोळसा घेतोय, त्यावर एवढी माणसं पोसतोय, आज नियम बदलला तर त्यांच्या चुली विझतील. त्यात काही खोटं नव्हतं. मिलमधली माणसं खरीच होती आणि शेठ त्यांना वेळेवर पगार देत.

फलटणकडून वीटभट्टीवाल्यांच्या वतीनं अनुसयाबाई कुंभार आल्या होत्या. पन्नाशीच्या, कष्टानं काळवंडलेल्या, बोलायला चोख. नवऱ्याच्या माघारी भट्टी त्याच चालवत. त्यांच्या भागात पूर्वी वीट उसाच्या चिपाडावर भाजत. कोळसा फारसा घेतच नसत, त्यामुळे जुन्या नियमानं त्यांचा कोटा जेमतेम. पण आता साखर कारखान्यांना चिपाड स्वतःच्या बॉयलरला पुरेना, त्यांनी ते देणं बंद केलं होतं. म्हणजे ज्यांनी आजवर कोळसा वापरला नाही, त्यांना तो लागायच्या वेळी मिळेना.

अनुसयाबाईंनी पिशवीतून दोन विटा काढून टेबलावर ठेवल्या. शिपायाकडून घमेल्यात पाणी मागवलं. दोन्ही विटा पाण्यात सोडल्या आणि बैठक पुढे चालू द्या म्हणाल्या. थोड्या वेळात एक वीट कडेनं विरघळून पाणी गढूळ झालं, दुसरी तशीच राहिली.

"ही कमी कोळशाची," त्या म्हणाल्या. "लोकं हिचीच घरं बांधत्यात आता. आमच्याकडं काय कुनी ऱ्हात न्हाई व्हय?"

शेठ म्हणाले, की त्याला आम्ही काय करणार, आमच्या तोंडचा घास काढून देणार का? दोघांचा आवाज चढला. सातारा विरुद्ध सांगली असं वळण लागायला लागलं. कुणीतरी म्हणालं, साताऱ्याला नेहमीच कमी. दुसरं म्हणालं, साताऱ्यात कारखाने आहेतच कुठं. साहेब घड्याळाकडे बघू लागले, जेवणाची वेळ होत आली होती.

तेव्हा मागच्या बाकावरून मगदूमअण्णा उठले. त्यांनी बोलावं असं मी त्यांना सांगितलं नव्हतं. फौजेत सावधान उभे राहतात तसे उभे राहिले.

"मी बसगोंडा मगदूम. कुपवाड. मी वीज बंद असताना रिकामी भट्टी जाळली. म्याडमनी धरलं मला. माझ्या शेजाऱ्यांनीबी जाळलीया, त्यांची नावं घेत न्हाई. हितं बसलेल्या किती जणांनी जाळली ते ज्याचं त्याला ठावं. तो कोळसा ह्या बाईंच्या विटंला गेला असता." मग शेठकडे बघून ते म्हणाले, "माझ्या भट्टीचं पाइप कसं बसवल्यात ते मी समद्यांना दावतो. फुकट. तुमच्या मिललाबी येतो."

आणि बसले. शेठ खाली बघत होते. पुढे मला कळलं की त्यांच्या मिलमध्येही हेच चाले.

जेवायला उठायच्या आत ठरलं. पूर्ण नवा नियम कुणालाच मान्य झाला नाही, साहेबांनाही नाही. निम्मा कोटा जुन्या वहिवाटीनं आणि निम्मा कामाच्या मापानं, असा तोडगा निघाला. भट्टीची तुलना भट्टीशी, विटेची विटेशी, चुन्याची चुन्याशी. माप मी घ्यायचं. मगदूमअण्णांना लेखी समज देऊन सोडलं. ती समज त्यांनी काचेच्या चौकटीत घालून कारखान्यात लावली, कामगारांनी बघावी म्हणून.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं माझ्या नोकरीतली सर्वांत सुखाची. मी प्रत्येक ठिकाणी दिवसभर वजनकाटा घेऊन बसे. आत जाणारं प्रत्येक घमेलं तोलायचं, बाहेर येणारा माल तोलायचा. लोकांच्या लबाड्याही उलटल्या. पूर्वी जास्त जाळला असं दाखवायचे, आता कमी जाळला असं दाखवायला लागले. कुपवाडला एका कारखान्यात एक कामगार तासाभरात तीनदा आपल्या स्कूटरपाशी जाऊन आला. मी मागोमाग गेले. डिकीत कोळसा भरलेला. न मोजता हळूहळू भट्टीत पोचवत होते. मालक म्हणाले, त्याच्या घरी बंबाला लागतो. मी म्हटलं, मग घरी न्यायच्या ऐवजी आत का आणतोय? मालक स्वतःच हसू लागले आणि मी तो दिवस बाद करून दुसरा दिवस लावला.

मगदूमअण्णांनी शब्द पाळला. सुट्टीच्या दिवशी पाइप खांद्यावर घेऊन कारखान्या-कारखान्यांत जात. शेठच्या मिलमध्ये त्यांनी महिनाभर काम केलं आणि शेठ त्यांना जावयासारखं जेवू घालत. शेठच्या कोट्यात कपात झाली, पण एकाही कामगाराला घरी बसवावं लागलं नाही. अण्णांची दोन माणसं परत कामाला आली. अनुसयाबाईंच्या विटा पक्क्या निघू लागल्या. त्या सांगलीला आल्या की टेबलावर न बोलता एक वीट ठेवून जात. शेवटी मी विनंती केली, की बाई, आता पुरे, माझ्या खुर्चीला जागा राहिली नाही.

सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही, आणि ते लिहिल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही.

लोणंदजवळ निवृत्तीअण्णांची चुनाभट्टी होती. वडिलांच्या हातची, उघड्या तोंडाची, दगडाची. अर्धी आच आभाळात जायची. मी तिचं माप घेतलं तेव्हा इतर चुनाभट्ट्यांपेक्षा फारच जास्त कोळसा लागला. मी तो दिवस धरला नाही. वारा जास्त होता असं स्वतःला सांगितलं आणि पुन्हा गेले. आकडा तोच आला. मगदूमअण्णाही येऊन बघून गेले. म्हणाले, हिला पाइप बसत न्हाईत, नवीच बांधायला लागंल. नवी बांधायची निवृत्तीअण्णांची ताकद नव्हती आणि उमेदही. नव्या मापाच्या निम्म्या भागात त्यांना काहीच मिळालं नाही, आणि जुन्या निम्म्यात भट्टी एकदाही पुरती पेटेना. पुढच्या वर्षी त्यांचा अर्ज आला नाही. मी वाट पाहिली, निरोप पाठवला, मग तक्त्यातली त्यांची ओळ कमी केली.

माहेरी जाताना त्यांच्या भट्टीवरून रस्ता होता. मी लांबच्या वाटेनं जाऊ लागले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे कोळसा मोकळा मिळू लागला. कोटा गेला, टेबल गेलं, मला दुसरं काम मिळालं. वडील आजारी पडले तेव्हा एकदा घाईत लोणंदला गेले आणि रिक्षावाल्यानं जवळचा रस्ता धरला. निवृत्तीअण्णा दारातच शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, हात करून रिक्षा थांबवली. मी उतरले. वडिलांचं विचारलं, कसं हाय, किती दिस झालं. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "बाई, एक विचारू? तवा माझ्या भट्टीचं माप तुमी किती डाव घेतलंतं?"

"दोनदा, अण्णा."

"बाकीच्यांचं?"

"एकदा."

ते थोडा वेळ पाला तोडत राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्यांदा घेतलं असतं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनाही बरं वाटलं असतं कदाचित. मी म्हटलं, "तेच आलं असतं, अण्णा."

"मलाबी तसंच वाटत हुतं," ते म्हणाले. "भट्टी लय खायची. आबाच्या हातची म्हनून मोडवत नव्हती. तुमी दोनदा आला हुता, ते मला ठावं न्हवतं. दुसऱ्या डावाला मी बाजारला गेलतो, भट्टीवरच्या गड्यांनीबी सांगितलं न्हाई. मला वाटलं, एकदाच बघून खोडली."

त्यांनी आतल्या बाजूला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. रिक्षावाला घाई करत होता, त्याला त्यांनीच दमात घेतलं, "थांब रं जरा, बाई आपल्या गावची हाय." मग बाजेवरचं गवत हातानं बाजूला सारून त्यांनी मला जागा करून दिली. चहा शेळीच्या दुधाचा होता. मी दोन कप प्याले आणि मग वडिलांकडे गेले.